घासून काढलेला ओढा

पाणी खोटं बोलतं, असं ताईचं ठाम मत होतं, आणि समोरच्याने विचारलेलं असो वा नसो, ती ते ऐकवायचीच. कुणी ओढ्यात काय सोडलं ते दुसऱ्या दिवशी भरलेल्या बाटलीत सापडत नाही. तोवर ते वाहत जाऊन पुढच्या गावाच्या गळ्यात पडलेलं असतं आणि ओढा पुन्हा साळसूद दिसतो. तळाशी राहणाऱ्यांना मात्र पळून जायची सोय नसते. दगडांच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या बारक्या अळ्या महिनोन्‌महिने तिथेच खातात, तिथेच वाढतात आणि वरून येईल ते सोसतात. ज्यांना सोसत नाही त्या मरतात. म्हणून ओढ्याची चौकशी करायची तर तळाशी करावी, असं तिचं म्हणणं.

सरकारी प्रयोगशाळेत ती हेच काम करायची आणि त्या सगळ्या भागात तिला किडेताई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. तिच्या भाषेत तळाचे जीव दोन प्रकारचे, हळवे आणि कोडगे. हळव्यांमध्ये तीनशेपटी, म्हणजे दगडाला चपटून बसणारी, मागे तीन केसासारख्या शेपट्या असलेली अळी. आणि घरवाली, म्हणजे वाळूचे कण स्वतःभोवती चिकटवून त्या नळीत राहणारी. पाणी जरा बिघडलं की ही मंडळी पहिली जातात. कोडग्यांमध्ये रक्तासारख्या लाल अळ्या आणि जळवा. त्यांना गटारसुद्धा चालतं. हळवे सापडले की ओढ्याला भरपूर गुण, नुसते कोडगे सापडले की जेमतेम. गुण कमी भरले की वरच्या बाजूच्या कारखान्याला टाळं. इतकं सरळ गणित होतं, आणि त्याच गणिताने ताईने सख्ख्या धाकट्या भावाच्या कारखान्याला टाळं लावलं होतं.

धाकटा कापड रंगवायचा. बापाने सुरू केलेला रंगकामाचा कारखाना, पत्र्याची मोठी शेड, मागे ओढा. हौदातलं उरलेलं पाणी ओढ्यात सोडायची सवयही बापाचीच. ताई लहानपणी त्याच ओढ्यात पाय सोडून बसायची आणि आज पाणी निळं येणार की हिरवं, यावर भावाशी पैज लावायची. ही आठवण तिला अलीकडे मुळीच गोड वाटत नसे.

भाऊ आहे म्हणून हे काम मला नको, असं तिने तेव्हाच लिहून दिलं होतं. साहेबांनी कागद वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "पाण्यात उतरणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे?" खरंच कुणी नव्हतं. मग तोडगा निघाला. नमुना ताईने काढायचा, जीपच्या ड्रायव्हरने साक्षीला उभं राहायचं आणि मोजणी दुसऱ्या बाईंनी करायची. त्यांना बाटलीवर फक्त क्रमांक दिसणार. क्रमांकाला भाऊबहीण नसल्यामुळे टाळं बिनबोभाट लागलं.

त्या दिवसापासून धाकट्याने अबोला धरला. अबोला धरला पण हात बांधून बसला नाही, हे ताईला कबूल करावं लागे. शेडच्या मागे त्याने गाळणीच्या टाक्या बांधल्या, तपासणीला आलेल्या इंजिनियरने त्या चालवून बघितल्या आणि उत्तम म्हणून सांगितलं. पण टाळं निघायला तेवढं पुरत नव्हतं. नियम असा की टाळं तळाने लावलं तर तळानेच काढायचं. आणि तळाला घाई नसते. पाणी सुधारलं तरी उडत, वाहत, सरपटत हळवे जीव परत यायला वेळ घेतात. दोनदा नमुना काढला, दोनदा बाटलीत लाल अळ्या आणि जळवा. दोन्ही वेळा ताई पाण्यात उतरली की धाकटा शेडचं दार आतून लावून घ्यायचा आणि जीप गेल्यावर उघडायचा. अहवाल मात्र टपालाने त्याच्या घरी जायचा, आणि त्यात काय काय सापडलं ते सगळं लिहिलेलं असायचं.

यंदाचा नमुना शेवटचा, हे सगळ्यांना माहीत होतं. गणवेश शिवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने धाकट्यासाठी काम राखून ठेवलं होतं, पण हा हंगाम संपेपर्यंतच. दुसरीकडे लांबच्या एका शहरातल्या मोठ्या रंगकारखान्याने त्याला मुकादमाची नोकरी देऊ केली होती. नमुना पास झाला तर शेड उघडणार, नापास झाला तर धाकटा बायकोपोरांना मागे ठेवून दुसऱ्याच्या दारात चाकरीला जाणार. भावजयीने हे ताईला फोनवर सांगितलं होतं. नणंद-भावजयीचं बोलणं चालू होतं, कारण दोघींपैकी कुणीतरी शहाणं असणं भाग होतं आणि तो मान दोघीही आपल्याकडे घेत.

नमुन्याच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी ताईला राहवलं नाही. ती एकटीच ओढ्यावर गेली, नमुन्याच्या ठरलेल्या जागी, दगडांवरून उथळ पाणी वाहतं त्या खळाळात उतरली आणि एक दगड उचलून पालथा केला. दगडाच्या पोटाला तीनशेपटी बसली होती. शेजारी दुसरी. खाचेत घरवाली, अगदी ऐटीत, अर्धं अंग नळीच्या बाहेर काढून. ताईच्या पोटात एकदम ऊन पडल्यासारखं झालं. तिने तो दगड होता तसा ठेवला आणि काठावर बसून एकटीच हसली. आल्या होत्या. सटव्या परत आल्या होत्या!

आता हे कुणाला सांगायची सोय नव्हती. निकाल आधी फोडायचा नाही, हा नियम तिनेच नव्या लोकांना शिकवलेला. तरी त्या संध्याकाळी भावजयीचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं.

"या वेळी मला जरा बरं वाटतंय गं. तुम्ही फक्त सगळं नीट, स्वच्छ ठेवा. मंगळवारी तळ बघायला येतोय आम्ही."

"खरं वन्सं?"

"मी काही बोलले नाही. ठेव फोन."

मंगळवारी जीप ओढ्याकडे वळली तेव्हा शेडचं दार सताड उघडं होतं. काठावर धाकटा उभा होता, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. त्याच्या मागे त्याचे जुने कामगार, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. बाजूला बादल्या, खराटे आणि कापड घासायचे तारेचे ब्रश ओळीने वाळत ठेवलेले. ताईने ते बघितलं आणि तिला काही कळलं नाही. मग तिने ओढ्याकडे बघितलं.

खळाळातले दगड पांढरेशुभ्र होते. त्यांच्यावरचं शेवाळ गेलेलं, फटीतला पालापाचोळा वेचलेला, मधली वाळू दाताळ्याने ओढून सपाट केलेली. एरवी तपकिरी-हिरवा दिसणारा तो तुकडा नव्या बाथरूमसारखा चमकत होता.

"बघ ताई," धाकटा म्हणाला. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता. "काल पहाटेपासून लागलोय. एकेक दगड उचलून घासलाय, वरून आणि खालूनसुद्धा."

खालूनसुद्धा.

"ब्लीच टाकलंस?" तिने कसंबसं विचारलं.

"नाही गं, वेडा आहे का मी?"

तिने गमबूट चढवले, जाळी उचलली आणि पाण्यात उतरली, कारण अशा वेळी हातापायांना सवयीचं काम बरं असतं. जाळीचं तोंड प्रवाहाकडे धरून तिने पुढचे दगड पायाने ढवळले, जसे दर वेळी ढवळते तसेच. दगड एकमेकांवर कोरडे वाजले. मग तिने जाळी काठावर आणून पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी केली. ट्रेमध्ये नितळ पाणी, थोडी वाळू, आणि कोपऱ्यात एक लाल अळी वळवळत होती. कुठल्या फटीत वाचली होती कोण जाणे.

कामगार ट्रेभोवती गोळा झाले. एकाने वाकून बघितलं आणि टाळी वाजवली. "एकच किडा! बाकी चकाचक! मालक, पास!"

"तो एक सुटला वाटतं," धाकटा ओशाळून म्हणाला आणि ताईकडे बघून हसला. बक्षीस घ्यायला उभ्या असलेल्या पोरासारखं ते हसू होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"अरे गाढवा!" ती ओरडली. "किडे असायला पाहिजेत! किडेच तर मोजते मी! ते आले होते रे, परत आले होते, माझ्या डोळ्यांनी बघितले मी. तू घासून घासून मारलेस सगळे!"

धाकट्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्याचा अर्थ निघून गेला.

"पण अहवालात लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "लाल अळ्या सापडल्या, जळवा सापडल्या, म्हणून नापास. दोन्ही वेळा तेच लिहिलं होतं. मला वाटलं, किडे काढले की..."

"वाईट किडे सापडले म्हणून नाही नापास! चांगले सापडले नाहीत म्हणून!"

"हे कुठे लिहिलं होतं?"

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अहवालात सापडलेल्यांची नावं असतात. न सापडलेल्यांची नावं लिहायची पद्धत नाही.

"आणि तू म्हणालीस की स्वच्छ ठेवा," धाकट्याचा आवाज चढला. "हिला फोनवर तूच म्हणालीस. तळ बघणार म्हणालीस. आयुष्यभर डाग काढायचं काम केलं मी. मला स्वच्छ म्हटल्यावर दुसरं काय कळणार? एकदा तरी बोलवून दाखवायचंस, हे बघ, हा चांगला, हा वाईट!"

"दार लावून घेत होतास तू! दाराला दाखवू?"

ड्रायव्हर जीपच्या बॉनेटकडे फार लक्ष देऊन बघत होता.

मग धाकट्याने जे केलं ते बघून ताईला हसावं की रडावं कळेना. तो इस्त्रीच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि खालच्या अंगाला धावला. तिथे घासाघाशी संपली होती आणि दगड पूर्वीसारखेच बुळबुळीत होते. त्याने एक दगड उचलून पालथा केला, डोळ्यांजवळ नेला आणि ओरडला, "आहेत! ताई, इथे आहेत! हे बघ, शेपट्यावाले, आणि हा एक नळीतला!" दगड छातीशी धरून तो परत आला. शर्टावरून चिखल ओघळत होता. "हे चांगले ना? हेच ना?"

ताईने बघितलं. तीनशेपटीच होती, गुबगुबीत, आणि शेजारी घरवाली. "हो," ती म्हणाली. "हेच."

"मग इथे घे नमुना. दहा पावलं तर खाली आहे. पाणी तेच, ओढा तोच, टाक्या माझ्याच. किंवा थांब, आम्ही उचलून आणतो दगड, वर नेऊन ठेवतो. ए, चला रे!"

"अरे थांब. ठेव तो खाली."

"मॅडम," ड्रायव्हर बॉनेटकडे बघतच म्हणाला, "मी मघापासून इकडे बघतच नाहीये."

सगळ्यांनीच तिची सोय करून ठेवली होती. दहा पावलं खाली उतरायचं, दगड ढवळायचे, बाटली भरायची. मोजणीच्या बाईंना फक्त क्रमांक दिसणार, गुण भरभरून पडणार, शेड उघडणार, भाऊ घरी राहणार. आणि खोटंही फारसं नव्हतं ते, कारण पाणी खरोखरच सुधारलं होतं. ताईला हे सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की तिला स्वतःचाच संताप आला. जागा बदलली की मागच्या वेळेशी तुलना राहत नाही. आज भावासाठी दहा पावलं खाली सरकायचं, उद्या दुसरा कुणी म्हणणार माझ्यासाठी शंभर पावलं वर सरका, आणि त्याला ती कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"जागा ठरलेली आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कार्यालयातल्या शिक्क्यासारखा ऐकू आला.

धाकट्याने दगड खाली ठेवला. टाकला नाही, वाकून पाण्यात नीट ठेवला. मग तो शेडमध्ये गेला. दार लावलं नाही. ते ताईला जास्त लागलं.

तिने नमुन्याच्या कागदावर लिहिलं, तळ हाताने घासलेला आहे, नमुना ग्राह्य धरू नये, थोड्या आठवड्यांनी पुन्हा घ्यावा. खालच्या अंगाला हळवे जीव भरपूर आहेत, तेही लिहिलं. तो कागद घेऊन ती साहेबांसमोर बसली.

साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. "अहो, हे लिहिलंत कशाला? दहा पावलं खाली घेतला असतात तर कोण बघायला येणार होतं?"

"म्हणजे चाललं असतं?"

"मी कुठे म्हणालो चाललं असतं? मी म्हणालो, कळलं नसतं."

"मग पुन्हा घेऊ. तीनेक आठवड्यांत खालून, वरून जीव सरकतील. पाणी चांगलं आहे."

"तारखा मुख्य कार्यालय ठरवतं. पुढची पाळी पुढच्या हंगामात."

"पण हा नमुना नापास नाही, रद्द आहे."

साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिथे दोनच चौकटी होत्या, पास आणि नापास. "यात रद्द कुठे बसवू, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हेच तर डोकं फिरवणारं होतं. वाईट वाटणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. ताईने मुख्य कार्यालयाला लिहिलं. आठवण करून दिली. पुन्हा दिली. उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. या वाक्याला कुणी तरी गुण द्यावेत, असं तिला फार वाटलं. कोडगेपणात ते जळवेच्या वर गेलं असतं.

गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे दिलं. धाकटा गेला. जायच्या आधी भेटला नाही.

भावजय एकदा प्रयोगशाळेत आली. ट्रे, चिमटे, काचेच्या बाटल्या यांच्या मधून अंग चोरत ती ताईच्या टेबलाशी उभी राहिली. बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवलेल्या अळ्यांकडे तिने बराच वेळ बघितलं.

"याच का त्या?"

"याच."

"वन्सं, मी भांडायला नाही आले. पोरं विचारतात, बाबा कधी येणार. मी काय सांगू? आत्याचे किडे मोठे झाले की येतील, असं सांगू?"

ताईने चहा मागवला. दोघींनी तो प्यायला. भावजय गेल्यावर ताईने चिमटा उचलला, आणि ट्रेमधलं काहीच दिसेना म्हणून पुन्हा खाली ठेवला. नियम पाळल्याचं समाधान असतं म्हणतात. तिने ते शोधलं, अगदी तळापर्यंत शोधलं. एक लाल अळीसुद्धा सापडली नाही.

मग एका दुपारी, ती दुसऱ्याच कुठल्या ओढ्याच्या काठावर ट्रे धुवत असताना, फोन वाजला. धाकटा होता.

"ताई."

"बोल." तिचे हात ओले होते आणि फोन गालावरून घसरत होता.

"इथे आमच्या कारखान्याच्या मागे नदी आहे. चांगली रुंद आहे. जेवायच्या सुट्टीत काठावर बसतो मी."

"बरं."

"बरं काय बरं! सुखाने बसू शकत नाही मी! सगळे जण डबा खातात, गप्पा मारतात, आणि मी चपला काढून दगड उलटे करत बसतो. एक उलटा केला, दुसरा केला, पार वाकून कंबर धरेपर्यंत केले. शेपट्यावाली एक नाही. नळीवाली एक नाही. नुसत्या लाल अळ्या, मुठीने उचलाव्यात अशा. पाणी बघ तर काचेसारखं. हे लोक रात्री सोडतात, मला आता वासावरून कळतं. तुझ्यामुळे! तू मला तो दगड बघायला लावलास. नाहीतर मी कशाला वाकलो असतो?"

"मी नाही लावला. तूच धावत गेलास."

"तेच ते!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मालकाला सांगितलं मी. आपल्याकडे टाक्या कशा बांधल्या ते कागदावर काढून दाखवलं. म्हटलं, फार खर्च नाही, मी उभा राहून बांधून देतो."

ताईने डोळे मिटले. "मग?"

"मग काय! कपडे रंगवायला आलायस की किडे पाळायला, म्हणाला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला."

"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? चार महिने गप्प बसता आलं नाही?" ताईचा आवाज फाटला. बायको, पोरं, बंद शेड, पुढचा हंगाम, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये उन्हात, पँट दुमडून, परक्या नदीत वाकलेला तिचा भाऊ. तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. तिला तो इतका आवडला की बोलता येईना.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." तिने नाक पुसलं. "घरी ये."

"येऊन काय करू? शेडला टाळं आहे."

"ये तू. पुढचा नमुना निघेपर्यंत बस घरी. आणि ओढ्याला हात लावलास तर तंगडी मोडीन."